न वाजलेली उडी

"पोरी, हिची ही बाजू उघडी ठेवू नकोस. पोकळी दिसली की काही ना काही आत शिरतंच."

सुतारकाका हे म्हणाले तेव्हा त्यांच्या ओठांत दोन खिळे धरलेले होते. त्यामुळे शब्द अर्धे बाहेर आले आणि अर्धे खिळ्यांपाशीच अडकले. पण ताईला ऐकू गेलं. ती हसून म्हणाली, "काका, व्यायामाच्या हॉलमध्ये काय शिरणार? फार तर एखादं मांजर."

"मांजर परवडलं. ते निदान ओरडेल तरी," काका म्हणाले, आणि ओठांतला एक खिळा काढून त्यांनी माझ्या पाठीत ठोकला.

मित्रांनो, काका घडवत होते ती पेटी म्हणजे मी. उडीची पेटी. जाड प्लायवूडची, मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या वर येणारी, पाच बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडी. काकांना ती बाजूही फळी लावून बंद करायची होती. शिवाय दोन्हीकडे हात घालायला भोकं पाडायची होती, म्हणजे उचलायला सोपं आणि आत वाराही खेळता. ताईने दोन्हींना नकार दिला. आणखी एक फळी लावली तर मला हलवायला दोन माणसं लागतील, आणि भोकं पाडली तर फळ्या कमजोर होतील, असं तिचं म्हणणं. ती तेव्हा स्वतः उंच उडी मारत होती, घाईत होती, आणि तिला माझा फक्त माथा हवा होता. मला तरी माझ्या पोटाचं काय कौतुक होतं? मलाही वाटलं, म्हातारा उगाच फाटे फोडतोय.

मी जिथे आले तो हॉल पूर्वी मालाचं गोदाम होता. खिडक्या इतक्या उंच की त्यांतून फक्त आभाळ दिसायचं. खाली हिरव्या रंगाची फरशी, एका टोकाला लोखंडी दांडे आणि वजनाच्या चकत्या, दुसऱ्या टोकाला सामानाची खोली. मी त्या खोलीच्या दाराशेजारी, भिंतीला पाठ करून असायचे. माझी उघडी बाजू भिंतीकडे. जोराच्या उडीने मी मागे सरकू नये म्हणून मला भिंतीला घट्ट टेकवायचे, आणि सराव संपला की झाडू फिरवायला पुन्हा थोडं पुढे ओढायचे. इतकाच काय तो माझा प्रवास. त्यापलीकडे मला पाय नाहीत, तोंड नाही. ज्याने ढकललं त्याच्या मर्जीने जायचं, ठेवलं तिथे राहायचं.

पण ते दिवस चांगले होते, खोटं कशाला बोलू! काही वर्षांनी ताईने स्वतः उड्या मारणं थांबवलं आणि ती शिकवू लागली. उंच उडी मारणारी मुलं पहिल्या दिवशी येत ती मान वर करूनच. दांडी किती वर आहे, आणखी किती वर जाईल. ताई त्यांना आधी खाली बसवायची. "वर जायचंय ना? मग नीट खाली बसायला शिक." खांद्यावर दांडा घेऊन बैठका. हातात वजनं धरून माझ्यावर एकेक पाय टाकत चढणं आणि, त्याहून अवघड, सावकाश उतरणं. एका पायावर बसून त्याच पायावर उठणं. माझ्या कडेवर फक्त चवडे टेकून टाचा खाली सोडणं आणि पुन्हा वर उचलणं, पोटऱ्या भरून येईपर्यंत. हे सगळं झालं की मग उडी. जड बैठका झाल्या की लगेच, पाय अजून पेटलेले असताना, जागच्या जागेवरून थेट माझ्यावर.

आणि माझ्यावर उतरताना आवाज करायचा नाही, हा ताईचा कायदा. "आवाज म्हणजे सांडलेली ताकद," ती म्हणायची. जो धाडकन उतरतो त्याने पायांतला जोर फळीवर ओतून टाकला. जो मांजरासारखा उतरतो त्याने तो पुढच्या उडीसाठी राखून ठेवला. ती उडी बघायचीसुद्धा नाही. पाठ करून उभी राहायची आणि ऐकायची. मी पोकळ असल्यामुळे जरा पाय आपटला की 'घुम्म' करून सगळ्या हॉलला चुगली सांगायचे.

"सांडलं! पुन्हा," ताई न वळता म्हणायची.

तिच्या मुलांत एक उंच, हाडकुळी मुलगी होती. तिला सगळे शिडी म्हणत. ती माझ्यावर उतरली की भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटे. निवडीची स्पर्धा तोंडावर आली होती, तिच्या उडीत दांडी थोडक्यासाठी पडत होती, आणि तिचं उतरणं काही सुधारत नव्हतं.

"ताई, माझ्या मांड्यांनी आता घरचे जिने चढायला नकार दिलाय," ती कुरकुरायची.

"मग सरकत जा. उद्या मात्र चालत ये."

तीन वर्षांपूर्वी ताईला मूल झालं होतं. मुलगी. चालायला लागली ती गोल गोल फिरतच, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. बाबाची कामाची पाळी पहाटेपासून. शेजारच्या मावशी सकाळी तिला सांभाळायच्या, पण त्यांच्या लेकीचं बाळंतपण निघालं आणि त्या लेकीकडे गेल्या. मग भिंगरी आईच्या कडेवर बसून हॉलमध्ये यायला लागली. तीन वर्षांची पोर. ताईने काय काय केलं होतं म्हणून सांगू! खालच्या चकत्या सगळ्या आडव्या करून ठेवल्या, की पोरीच्या पायावर पडू नयेत. विजेच्या प्लगांवर चिकटपट्ट्या लावल्या. माझे कोपरे पॉलिश पेपरने घासून गोल केले, कारण भिंगरी धडपडली तर ते नेमके तिच्या कपाळाला लागले असते. जगातल्या सगळ्या टोकदार वस्तू तिने एका नजरेत टिपल्या होत्या.

पण हॉलचे साहेब होते. हॉलचा सगळा कारभार त्यांच्याकडे. उंच, कडक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी भिंगरीला पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी सांगून टाकलं, "मॅडम, इथे लोखंड आहे. लेकरू आणायची जागा नाही ही. पुन्हा दिसलं तर हॉलची किल्ली परत घ्यावी लागेल."

त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण ताई कात्रीत सापडली. घरी राहावं तर स्पर्धेच्या तोंडावर मुलं वाऱ्यावर. हॉलवर यावं तर पोर कुठे ठेवायची? मी तिची घालमेल बघत होते. सराव संपल्यावर ती माझ्यावर येऊन बसायची, भिंगरीला मांडीत घ्यायची, आणि तिच्या टाचा माझ्या फळीवर टकटक, टकटक करत राहायच्या. मी चारी बाजूंनी कोंडलेली वस्तू. कोंडलेलं माणूस मला लगेच ओळखू येतं.

मग तिने एक खेळ शोधून काढला. साहेबांच्या किल्ल्यांचा आवाज व्हरांड्यातून आधी यायचा, साहेब नंतर. किल्ल्या वाजल्या की ताई हळूच विचारायची, "शहाणी भिंगरी कुठे?" की भिंगरीने दुडूदुडू सामानाच्या खोलीत जायचं, कपाटामागे बसायचं आणि ओठांवर बोट ठेवायचं. हूं की चूं करायचं नाही. आई येऊन "भिंगरी फिरली!" म्हणेल तेव्हाच बाहेर यायचं. पोरगी या खेळात पटाईत झाली. एकदा तर तिला तिथे शिंक आली, ती तिने फ्रॉकमध्ये दाबली. बाहेर आल्यावर ताईने तिचे पटापट मुके घेतले. "माझी शहाणी गं! आवाजसुद्धा नाही केला!"

त्या हॉलमध्ये सगळ्यांना शाबासकी आवाज न करण्याचीच मिळत होती, मित्रांनो. मग एवढ्याशा पोरीला त्यात वावगं काय वाटणार?

त्या सकाळी सामानाच्या खोलीची फरशी पुसली होती. ओल्यावर कोणी बूट घेऊन जाऊ नये म्हणून पुसणाऱ्या बाईंनी जाताना बाहेरून वरची कडी लावली. ताईला हे माहीत नव्हतं. ती पलीकडच्या टोकाला शिडीकडून बैठका करून घेत होती. मुलीच्या खांद्यावर दांडा असला की शिकवणाऱ्याला मागे उभं राहावंच लागतं, नजर हलवता येत नाही.

व्हरांड्यात किल्ल्या वाजल्या.

"शहाणी भिंगरी कुठे?" ताईने मान न वळवता विचारलं.

भिंगरी धावत आली. खोलीचं दार तिने दोन्ही हातांनी ढकललं. ते हललं नाही. कडी तिच्या डोक्याच्या कितीतरी वर. किल्ल्यांचा आवाज जवळ येत होता. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. माझ्या आणि भिंतीच्या मध्ये झाडूसाठी ठेवलेली फट होती. ती त्या फटीतून शिरली आणि माझ्या पोटात येऊन बसली.

मला वाटलं, बरं झालं. बसू दे घटकाभर. तिच्या डोक्याला घाम होता, आणि अंगाला दुधाचा वास.

साहेब आत आले. नवीन गाद्या कुठे मावतील ते बघायला टेप घेऊन आले होते. ताई दांडा स्टँडवर ठेवायला लावून त्यांच्याशी बोलायला वळली आणि जाता जाता शिडीला म्हणाली, "पाय गार पडू देऊ नकोस. लगेच उड्या."

शिडी माझ्याकडे आली. रोजच्यासारखी खाली वाकली आणि मला भिंतीकडे ढकललं. मी नेहमीसारखी सरकले नाही. मी सारा जोर लावून फरशीला धरून ठेवलं होतं असं मला वाटतं, पण लाकडाच्या जोराला कोण विचारतं?

"अगं बाई, आज ही एवढी जड का झालीय?" शिडी पुटपुटली. मग तिनेच उत्तर दिलं, "पेटी कसली जड, माझ्याच मांड्यांचं पाणी झालंय." तिने कंबर लावून आणखी एक रेटा दिला. माझी उघडी बाजू भिंतीला घट्ट बसली.

आत काळोख झाला.

भिंगरी ओरडली नाही. तिचा श्वास एकदा अडकला, आणि मग तिने तोच श्वास हळूहळू, चोरून सोडला. तिचं बोट ओठांवर गेलं. आत अंधारात तिला कोण बघणार होतं? तरी गेलं.

शिडीने हात मागे घेतले, गुडघे वाकवले आणि उडी मारली. भिंगरीच्या डोक्यावर जणू आभाळ कोसळलं. तिने दचकून दोन्ही तळवे वर केले आणि डोकं माझ्या माथ्याच्या फळीला आतून टेकवलं, छप्पर धरून ठेवावं तसं. शिडी पुन्हा उडाली. आपटलीच, नेहमीसारखी. पण वाजत्या थाळीला कोणी बोट लावलं की ती जशी गप्प होते, तशी मी गप्प झाले. 'घुम्म' नाही. नुसतं 'धप्'.

साहेबांशी बोलत, आमच्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या ताईने ते ऐकलं. तिचा चेहरा खुलला असणार. "शाब्बास!" ती न वळता म्हणाली. "याला म्हणतात उतरणं! अजून मार."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात कुठलीही शाबासकी मला इतकी बोचली नव्हती. मला ओरडायचं होतं. मी कधी नव्हे ते वाजायला हवं होतं, फळी न् फळी दणाणून चुगली सांगायला हवी होती. आणि नेमकी तेव्हाच मी मुकी झाले. शिडी उडत होती, उतरत होती. आत हवा जड होत चालली होती. भिंगरीचे केस गालांना चिकटले होते. तिचं काळीज माझ्या फळीवर इतक्या जोरात उडत होतं की बाहेरच्या उड्यांपेक्षा ते मला मोठं वाटत होतं. ती अगदी बारीक आवाजात, ओठसुद्धा न हलवता, स्वतःशीच म्हणत होती, "भिंगरी फिरली... भिंगरी फिरली..." पण ते आईने म्हणायचं होतं. स्वतः म्हणून बाहेर यायचं नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

"ती खोलीही मोजून घेऊ," साहेब म्हणाले आणि सामानाच्या खोलीकडे चालू लागले.

ताईच्या हिशेबाने भिंगरी तिथेच होती. ती मागून धावली. "अहो साहेब, तिथे काही... तिथे फरशी..."

साहेबांनी हात वर करून कडी काढली. खट्.

ताई जागीच थिजली. कडी बाहेरून होती. वरची कडी. साहेबांनी दार उघडलं, आत डोकावले, टेप लावला, म्हणाले, "छान, रिकामी आहे."

ज्या उत्तरासाठी ती इतके दिवस देवाला हात जोडत होती तेच तिला मिळालं होतं. खोली रिकामी होती. साहेबांना लेकरू दिसलं नव्हतं. तिची किल्ली शाबूत होती. आणि तिचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. तिने हॉलभर नजर फिरवली. दांडे, चकत्या, बाकडं, दार. मोठं दार उघडंच होतं. बाहेर रस्ता होता.

तिला हाक मारायची होती. पण साहेब शेजारीच उभे होते.

तेवढ्यात शिडी माझ्यावरून खाली उतरली आणि वैतागून म्हणाली, "ताई, तुम्ही शाब्बास काय म्हणताय? एकही उडी धड उतरले नाही मी. टाचेला झिणझिण्या आल्यात."

"काय?"

"आपटले मी. सगळ्या वेळा. ही पेटीच आज वाजत नाहीये. आणि जड किती झालीय!"

ताईने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या माथ्याकडे नाही. माझ्या पोटाकडे.

"भिंगरी!"

ती हाक साऱ्या हॉलभर घुमली. तिने साहेबांकडे पाहिलं नाही, किल्लीचा विचार केला नाही. झेप घालून ती माझ्यापाशी आली आणि माझ्या कडांना बोटं घालून मला ओढायला लागली. बोटं घालायला जागाच नव्हती. भोकं कुठे होती? तिची दोन नखं मुळापासून मोडली. "शिडे, धर!" ती किंचाळली. शिडीला काहीच कळलं नव्हतं, तरी तिने धरलं. साहेबही धावले. तिघांनी मला फरशीवर खरवडत पुढे ओढलं.

भिंगरी माझ्या कोपऱ्यात बसलेली होती. लालबुंद, घामाने निथळलेली, डोळे विस्फारलेले. फ्रॉक ओला झाला होता. बोट अजून ओठांवर.

ती बाहेर आली नाही. तिने आईकडे पाहिलं, मग आईच्या खांद्यावरून साहेबांकडे. मग बोट न काढता, अगदी हळू म्हणाली, "आई, मी नाही बोलले."

ताईने तिला ओढून कुशीत घेतलं आणि तिथेच फरशीवर बसली. शिडी रडायला लागली. "मी ढकललं, ताई. मीच ढकललं तिला." ताईने नुसतं तिचं मनगट धरून ठेवलं.

साहेबांनी टेप खिशात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "ही रोज असते इथे?"

"रोज," ताई म्हणाली.

"मला कशी दिसली नाही?"

"तुमच्या किल्ल्या वाजल्या की ती लपते. मी शिकवलंय."

साहेबांचा हात कमरेशी गेला आणि तो जुडगा त्यांनी वाजू नये म्हणून मुठीत गच्च दाबून धरला. तसेच, मूठ आवळून, ते बाहेर गेले. दारापर्यंत एकदाही किल्ल्या वाजल्या नाहीत.

किल्ली त्यांनी परत घेतली नाही. चार दिवसांनी दाराजवळ, सगळ्यांना दिसेल अशा जागी, एक गादी आणि बसकं कुंपण आलं. भिंगरी त्यात बसायला लागली. शिडी निवडीला गेली, दांडी पार केली, की नाही केली, ते मला धड कळलं नाही. कारण तोवर माझी रवानगी सामानाच्या खोलीत झाली होती. ताईला माझ्यावर कोणी उडी मारलेली बघवेना. नव्या, भरीव फोमच्या पेट्या आल्या. त्या वाजत नाहीत, आणि त्यांच्या पोटात जागाच नाही. मला राग नाही. आता मी इथे, कपाटाशेजारी, अंधारात आहे. माझ्या पाठीवर फाटके दोर आणि गळके चेंडू ठेवलेत. कोंडून घेतल्यासारखं वाटतं कधी कधी. पण मी लाकूड आहे, मला चालतं.

चालत नाही ते वेगळंच. या दारातून मला हॉलमधलं ऐकू येतं, दार उघडं असलं की थोडं दिसतंही. मुलांचे पाय ऐकू येतात, दांड्यांचा खणखणाट ऐकू येतो. भिंगरी ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले, तिच्या गादीवरून ना हसू, ना हट्ट, ना रडणं. येणारे-जाणारे कौतुक करतात, "किती गुणाची पोर! काही त्रासच नाही हिचा!" ताई मात्र दर उडीनंतर वळून बघते. आता ती पाठ करून उभी राहत नाही. मध्येच सराव थांबवते, गादीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसते आणि म्हणते, "ओरड गं. खेळ नाहीये हा. ओरडलीस तरी मी रागावणार नाही." परवा पहिल्यांदा एक बारीकसा, बिचकत आलेला आवाज झाला. मग लगेच थांबला. ताईने टाळ्या वाजवल्या. उद्या आणखी थोडा येईल, अशी मला आशा आहे.

म्हणून मित्रांनो, आणि तुम्हाला हे वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसांनो, माझं एवढं ऐका. रडणाऱ्या मुलाकडे सगळं घर धावतं, त्याची मला काळजी नाही. पण तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कोणीतरी फार गुणाचं असेल. काही मागत नसेल. बराच वेळ त्याचा आवाज आला नसेल, आणि तुम्ही मनात शाब्बास म्हणून आपल्या कामाला लागला असाल. हे वाचणं इथेच थांबवा. उठा, आणि ते कुठे आहे ते आधी बघून या.